पेनुबचा उजवा हात

आपेहतीला त्याच्या बापाने सगळ्यात आधी मूठ मोजायला शिकवली. आवळलेली मूठ म्हणजे एक चौकोन. तळपायापासून कपाळावर केस सुरू होतात तिथपर्यंत उभा माणूस अठरा चौकोनांचा. गुडघा सहाव्यावर, बेंबी अकराव्याच्या आसपास, खांदे सोळाव्यावर. बाप गेरूत बुडवलेलं सूत भिंतीवर ताणून धरायचा, मधोमध चिमटीत पकडून सोडायचा, की भिंतीवर लाल रेघ उमटायची. आडव्या-उभ्या रेघांची जाळी झाली की तिच्यात राजा बसवायचा, नाहीतर देव. दोघांनाही चौकोन तेवढेच.

नाईलच्या पश्चिम काठाला, डोंगराच्या घळीत वसलेल्या त्या गावात साठ-सत्तर घरं होती आणि सगळ्यांचं काम एकच, राजांच्या कबरी. पाथरवट डोंगर खोदायचे, गिलावेवाले भिंती गुळगुळीत करायचे आणि आपेहतीच्या घरच्यांसारखे चितारी त्यावर रेघ मारायचे.

दहा वर्षांचा असताना आपेहतीने घराच्या मागच्या भिंतीवर कोळशाने आई काढली होती. आई बाजूने दिसत होती, म्हणून तिला एकच खांदा होता.

"आईला एकच खांदा आहे?" बापाने विचारलं.

"दिसतो एकच."

"दिसतो ते राहू दे. आहेत किती?"

"दोन."

"मग दोन काढ. आपण भिंतीवर जेवढं देऊ तेवढंच माणसाला पलीकडे मिळतं. तू आईला एका खांद्यावर पाठवणार का?"

तेव्हापासून त्याने कोणाला काही कमी दिलं नाही. चेहरा बाजूने, म्हणजे नाक नीट कळतं. डोळा मात्र समोरून, पुरा. खांदे दोन्ही, पावलं दोन्ही, आणि प्रत्येक पावलाचा अंगठा बघणाऱ्याच्या बाजूला. पुरुष गेरूच्या रंगाचा, बाई पिवळी. म्हातारं कोणी नाही, वाकलेलं कोणी नाही. वयाच्या तिशीत तो जाळी न आखता अठरा चौकोनी माणूस एका दमात काढायचा. आता हात आपोआप चालायचा आणि डोकं रात्रीच्या कांद्यात आणि बिअरमध्ये असायचं.

खरी मजा त्याला दुपारच्या सुट्टीत यायची. खोदकामातून निघालेल्या पांढऱ्या कपच्यांचा ढीग पडलेला असे. त्यातली एखादी सपाट कपची घेऊन तो समोर दिसेल ते काढायचा. चुलीत फुंकर घालून गाल फुगलेली बाई, पायऱ्यांवर झोपलेला पहारेकरी. कपचीला नियम नव्हता. ती संध्याकाळी पुन्हा ढिगात जायची.

या कपच्यांवर सगळ्यात जास्त वेळा आला तो पेनुब. पेनुब पाथरवट होता, आपेहतीपेक्षा सहा वर्षांनी मोठा, दोन घरं सोडून राहणारा. रुंद मानेचा, आठ-आठ दिवस दाढी न करणारा. छिन्नीवर मोगरी हाणताना तोंड उघडं ठेवायची त्याला सवय होती. आपेहतीने त्याला तसाच काढला, दाढीच्या खुंटांसकट.

पेनुबने कपची उजेडात धरून पाहिली. "हा कोण बोकड?"

"दादा, तूच की."

"माझ्या बायकोला दाखवू नकोस. तिला वाटतं मी बरा दिसतो."

आणि कपची घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोने, मेरुतने, ती पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवली.

अपघात झाला तेव्हा आपेहती बत्तीस वर्षांचा होता. राजाच्या कबरीत तिसऱ्या दालनापर्यंत काम आलं होतं. डाव्या भिंतीवर, राजाचा चेहरा यायचा नेमका तिथे, खडकात गारगोटीची एक गाठ होती, मुठीएवढी, भिंतीच्या बाहेर आलेली. सूत तिच्यावरून सरळ जाईना. चिताऱ्यांचा मुख्य हातिआय, म्हणजे आपेहतीचा मामा, म्हणाला, "भोवती गिलावा चढव आणि पुढे चल." आपेहतीला ते पटलं नाही. गिलावा जाड झाला की दोन-चार वर्षांत सुटतो, आणि सुटेल तो राजाच्या गालावरूनच. त्याने पेनुबला हाक मारली.

"दादा, ही गाठ काढून देतोस? मामाला नको सांगू."

पेनुब शिडीवर चढला. गारगोटी टणक, तांब्याची छिन्नी तिच्यावर बोथट होत होती, म्हणून तो गाठीच्या कडेने खडक पोखरत गेला. दहा-बारा घाव झाले असतील. गाठ निघाली नाही. तिच्या वरचा छताचा पापुद्रा निघाला. आपेहतीला आधी धूळ दिसली, मग दिवे विझले. अंधारात कोणीतरी अगदी शांत आवाजात म्हणत होतं, "हात अडकलाय. हात अडकलाय." तो पेनुबच होता.

उजवा हात कोपराच्या वर कापावा लागला. वैद्याने मध आणि चरबी लावून बांधला. महिनाभर पेनुब तापात होता आणि मेरुत शिखरावरच्या नागदेवीला रोज भाकर वाहत होती. तो जगला. पाथरवटाचं काम अर्थातच गेलं, पण टोळीने त्याला गावाच्या वेशीवर दारवान केलं. गाढवांवरून पाणी येतं ते बघायचं, अनोळखी माणसाला हटकायचं.

कामाच्या दोन टोळ्या होत्या, त्यांना उजवी बाजू आणि डावी बाजू म्हणत. पेनुब उजव्या बाजूचा. कोणी विचारलं तर सांगायचा, "होतो उजवीकडे. आता उजवं काही राहिलं नाही."

लोक हसायचे. आपेहती हसत नसे. कामावर जाताना वेस टाळता येत नव्हती, म्हणून तो घोळक्यात मधोमध चालायचा. पेनुबने त्याला कधी एक शब्द विचारला नाही. तो विचारत नाही हे आपेहतीला जास्त जड जायचं. आठ दिवस काम, दोन दिवस सुट्टी, असं करत अकरा वर्षं गेली. राजा गेला, दुसरा आला. हातिआय म्हातारा झाला. आपेहतीला दोन मुली झाल्या, मोठीचं लग्न झालं. कपच्यांवर तो अजून काढायचा, पण माकडं आणि मांजरं. माणसं त्याने बंद केली होती.

मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी पेनुब त्याच्या दारात येऊन उभा राहिला.

वेबखेत, आपेहतीची बायको, परातीत कणीक मळत होती. ती म्हणाली, "या भाऊजी, बसा. बिअर देऊ?"

"देशील तर घेईन." पेनुब ओट्यावर बसला. घोटभर बिअर घेऊन त्याने आपेहतीकडे पाहिलं. "सासऱ्याच्या कबरीशेजारी माझी खोली खोदून झालीय. मेहुण्यांनी खोदली. परवा गिलावा वाळला. आत काही काढून देशील?"

"देईन की," आपेहती म्हणाला. "काय काढू?"

"मी आणि मेरुत, ओसिरिसदेवासमोर. हात जोडल्यासारखे, म्हणजे वर केलेले, सगळे करतात तसे." त्याने पेला खाली ठेवला. "दोन्ही."

"अर्थात दोन्ही."

"अर्थात काय अर्थात? देवळासमोर पालखी येते तेव्हा सगळे दोन हात वर करतात आणि मी एक. अकरा वर्षं मी असा, झाडावरचं काहीतरी मागतोय तसा उभा राहतो. वर गेल्यावर तरी नीट नमस्कार करायचाय मला."

दुसऱ्या सुट्टीला काम सुरू झालं. खोली लहान होती, चार माणसं आली तर अंग घासेल एवढी. आपेहतीने सूत मारलं. त्याचं एक टोक पेनुबने धरलं. जाळी आखून झाल्यावर आपेहतीने आधी देव बसवला, हिरव्या तोंडाचा. मग त्याच्या समोर उजवीकडे तोंड करून पेनुब. तरुण, सडपातळ, मान लांब, कुरळा टोप घातलेला, दाढी साफ. अठरा चौकोन. हात कोपरात वाकवून वर केलेले, तळवे देवाकडे. गेरूने आखून झाल्यावर त्याने काजळीच्या काळ्या रेघेने एका दमात बाहेरची कड ओढली आणि मागे सरकला.

पेनुब दिवा घेऊन जवळ गेला. बराच वेळ पाहत राहिला. मग दिवा खाली ठेवला, डावा हात वर केला, भिंतीवरच्या पुढच्या हाताशी लावून पाहिला. मग मागच्या हाताशी लावून पाहिला.

"दोन्ही डावे आहेत," तो म्हणाला.

"काय?"

"हात. दोन्ही डावेच काढलेस तू. माझ्याकडे हा एकच उरलाय, त्यामुळे याला मी चांगला ओळखतो. हे बघ, अंगठा इकडे, इकडे. आणि मागच्याचाही इकडेच. हा उजवा नाही."

आपेहतीने पाहिलं. खरंच होतं. त्याने तीस वर्षं असेच हात काढले होते. बापानेही, मामानेही. खाली राजाच्या कबरीत शेकडो हात होते, सगळे असेच.

"दादा, सगळीकडे असंच असतं. राजालाही असेच हात आहेत."

"राजाला मोगरी धरायची नसते."

"तू तिथे कशाला मोगरी धरशील?"

"मग काय करू? मेरुतचा बाप आहे तिथे, त्याच्याबरोबर गप्पा मारत बसू? पलीकडच्या वेताच्या शेतात नांगर धरायचा म्हणतात. नांगराला दोन हात लागतात, आणि दोन्ही डावे चालत नाहीत. ज्याला दोन आहेत त्याला हे कळायचं नाही."

"आणि पावलं? पावलंही दोन्ही एकाच पायाची आहेत."

पेनुबने खाली वाकून पावलं पाहिली. "पायांचं चालेल. चालता येतं त्यांनी."

आपेहती हसला. पेनुबसमोर तो अकरा वर्षांत पहिल्यांदाच हसला होता. मग त्याने ओल्या फडक्याने मागचा हात पुसून टाकला.

उजवा हात काढणं एवढं अवघड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. बघून काढावा तर स्वतःच्या उजव्या हातात काडी, लव्हाळ्याची, टोक चावून मऊ केलेली. घरी येऊन त्याने वेबखेतला अंगणात उभं केलं.

"हात वर कर. देवापुढे करतेस तसे."

"कणीक लागलीय हाताला."

"लागू दे. तिकडे तोंड कर. हलू नकोस."

तो तिच्या उजव्या बाजूला बसला आणि कपचीवर काढायला लागला. आणि त्याला कळलं की बापाने असं का केलं होतं. उजवा तळवा देवाकडे केला की बाजूने पाहणाऱ्याला करंगळी दिसते आणि अंगठा पलीकडे लपतो. खरा हात काढला तर अंगठा जातो. अंगठा दाखवला तर हात डावा होतो. त्याच्या आधीच्या चिताऱ्यांनी अंगठा निवडला होता, आणि एका अर्थी बरोबरच होतं. अंगठ्याशिवाय माणसाला पलीकडे पाठवायचं कसं?

"झालं का?" वेबखेत म्हणाली. "शेजारणी बघतायत. त्यांना वाटेल मी तुलाच ओवाळतेय."

"अजून थोडं."

"तू त्याच्यासाठी एवढं करतोयस ते बरं आहे," तिने मान न वळवता म्हटलं. "पण त्याला एकदा बोल. एवढी वर्षं वेशीतून चोरासारखा जातोस."

त्याने नवी कपची घेतली. चौदा कपच्या झाल्या. पंधराव्या वेळी वेबखेतने कंटाळून मनगट सैल सोडलं आणि तिचा तळवा त्याच्याकडे वळला. बोटं वर, अंगठा पुढे, देवाच्या बाजूला. पाचही बोटं दिसत होती आणि हात उजवाच होता.

"तसाच ठेव," तो म्हणाला.

पुढच्या सुट्टीला तो आणि पेनुब पुन्हा टेकडीवर त्या खोलीत गेले. आपेहती काढत असताना पेनुब पायरीवर बसून दिवा धरून होता. बोटांच्या कडा ओढताना आपेहती श्वास रोखून धरायचा.

"ती गाठ," पेनुब एकदम म्हणाला, "निघाली का शेवटी?"

आपेहतीने काडी भिंतीपासून दूर धरली. "नाही निघाली."

"मग काय केलंत?"

"मामाने सांगितलं ते. भोवती गिलावा चढवला."

"सुटला का?"

"नाही. अजून आहे."

"म्हणजे तेव्हाही चढवता आला असता."

"आला असता," आपेहती म्हणाला. "दादा, माझा हट्ट होता. मी तुला हाक मारायला नको होती. तुला हे सांगायचं होतं, पण जमलं नाही."

पेनुबने दिव्याची वात जराशी पुढे सारली. ते त्याला एका हाताने करायला वेळ लागला. "मलाही वाटलं होतं की छत पोकळ वाजतंय," तो म्हणाला. "पण तू उभा होतास बघत. म्हटलं, चिताऱ्यासमोर कशाला घाबरायचं. असो. तो अंगठा जरा जाड कर. माझा जाड होता."

आपेहतीने अंगठा जाड केला. तो ठीक दिसेपर्यंत त्याला दोनदा डोळे पुसावे लागले. पेनुब छताकडे बघत होता.

गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. आठवड्याने हातिआय काठी टेकत टेकडी चढून आला. त्याची कंबर वाकली होती, पण भिंतीसमोर आला की तो सरळ व्हायचा. त्याने दिवा मागितला.

"अंगठा चुकलाय," तो म्हणाला.

"चुकला नाही, मामा. तो उजवा हात आहे."

"तळवा आपल्याकडे का? देव तर तिकडे बसलाय."

"तळवा देवाकडे केला की अंगठा लपतो. तुम्हीच करून बघा."

हातिआयने काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात वर केले. आधी एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. मनगट फिरवलं, पुन्हा फिरवलं. म्हातारा चांगला वेळ तसा उभा होता. मेरुत बाहेरून भाकरी घेऊन आली ती दारातच थांबली. तिला वाटलं तो प्रार्थना करतोय.

"साठ वर्षं," शेवटी तो म्हणाला. "कोणी बोललं नाही मला." मग काठी उचलली. "राजाच्या भिंतीवर हे करायचं नाही. तिथे आहे तसंच. कळलं?"

"कळलं."

"इथे असू दे. याला गरज आहे." बाहेर जाताना तो मेरुतला म्हणाला, "तुझा नवरा बरा निघालाय. मूळचा असा नव्हता."

"मूळचा मी पाहिलाय," मेरुत म्हणाली. "भाकरी खाऊन जा."

मेरुतचं चित्र मग आपेहतीने पूर्ण केलं, पिवळ्या रंगात, नवऱ्याच्या मागे, त्याच्याच उंचीची. तिने पाहिलं आणि विचारलं, "ही मी?" वर तिचं नाव लिहिलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून आपेहतीने बोट ठेवून एकेक खूण वाचून दाखवली. ती म्हणाली, "नाव असेल तर मग चालेल. नुसत्या चेहऱ्यावरून तर मी माझ्या नवऱ्यालाही शोधून काढलं नसतं." पण नवऱ्याच्या उजव्या हाताजवळ ती जरा जास्त वेळ थांबली. हात नेमका तसाच होता असं ती कोणालाच म्हणाली नाही. तो नव्हताच तसा. पेनुबची बोटं आखूड होती आणि दोन नखं काळी पडलेली. भिंतीवरची बोटं लांब, सारखी.

पेनुब त्यानंतर सात वर्षं जगला. दर सणाला कबरीचं दार उघडून तो आत जायचा आणि थोडा वेळ बसायचा. गावकऱ्यांना ते विचित्र वाटायचं, कारण आपली कबर बघायला जाणं म्हणजे कोणाला फारसं सुखाचं काम वाटत नसे. आपेहती आता वेशीतून जाताना थांबायचा. कामावरून येताना दोघं भिंतीच्या सावलीत बिअर प्यायचे आणि बहुतेक वेळा पाण्याच्या गाढवांबद्दल बोलायचे.

पेनुब गेला तो छातीच्या दुखण्याने, पेरणीच्या दिवसांत. मेरुतने सुताराकडून बाभळीचा एक हात करून घेतला आणि शव बांधणाऱ्यांना सांगितलं, हा खांद्याला लावून मग पट्ट्या गुंडाळा. सुताराने विचारलं होतं, कोणता. तिने त्याच्यासमोर आपला उजवा हात धरला. सत्तर दिवसांनी त्याला वर नेलं. पुरोहिताने त्याला पलीकडे खाता-बोलता यावं म्हणून तोंड उघडण्याचा विधी केला, बायकांनी डोक्यावर माती घातली, मग सगळ्यांनी कबरीसमोर बसून भाजलेलं बदक खाल्लं. वेबखेत मेरुतच्या शेजारी बसली होती आणि तिला ताटातलं संपवायला लावत होती.

त्या वर्षी आणखी दोन जण आपेहतीकडे आले. एक गिलावेवाला, ज्याचा डोळा चुन्याने गेला होता, आणि एक पाथरवट, ज्याला पाठीतून वाक आला होता. दोघांचं म्हणणं चाचरत आलं. आपल्याला पलीकडे बरं करून पाठवशील ना, असं त्यांना विचारायचं होतं. आपेहतीने दोघांनाही बसवलं, बिअर दिली आणि सांगितलं की त्यात विचारायचं काही नाही, नियमच तो आहे. गिलावेवाल्याचा एकच डोळा काढायचा होता, कारण चेहरा बाजूने असतो. पण आपेहतीने त्याला मुद्दाम अशा बाजूने उभा केला की गेलेला डोळा दिसेल, समोरून, पुरा, काजळ घातलेला.

पन्नाशी उलटल्यावर त्याच्या रेघेत कंप यायला लागला. बाहेरची काळी कड त्याने जावयावर सोपवली आणि स्वतः जाळी आखायला, रंग वाटायला लागला. कपच्यांवर पुन्हा माणसं यायला लागली होती. आता त्यात हातच जास्त असायचे. मळणारे, फुंकणारे, दोरी ओढणारे, दाणे निवडणारे. वेबखेत त्या कपच्या गोळा करून अंगणात फरशीसारख्या बसवायची, चित्र खाली, पाठ वर, म्हणजे पाय घसरत नाही.

आपेहती पुराच्या दिवसांत तापाने गेला. त्याला वर नेलं त्या दिवशी दोन्ही टोळ्यांना सुट्टी दिली होती, आणि उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंची माणसं त्याला पोचवायला टेकडी चढून आली.